‘केलेला किंवा यापुढे केला जाणारा’ : स्पॅनिश ट्रॉलर, ब्रिटिश संसद आणि फॅक्टरटेम खटला

३१ मार्च १९८९ हा ब्रिटनच्या जुन्या नोंदवहीतल्या मासेमारी जहाजांचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून ब्रिटिश झेंडा लावून मासे धरायचे असतील, तर नव्या कायद्याखाली नव्याने नोंदणी करून घ्यावी लागणार होती. ९५ ट्रॉलरांना ती मिळणार नव्हती. जहाजं तीच होती आणि त्यांच्या मालक कंपन्या ब्रिटनच्याच कायद्याखाली स्थापन झालेल्या होत्या. पण त्या कंपन्यांचे बहुतेक भागधारक आणि संचालक स्पॅनिश होते आणि नव्या कायद्याला ते चालत नव्हतं.

या कंपन्यांपैकी एकीचं नाव फॅक्टरटेम लिमिटेड. तिच्या नावाने ओळखला जाणारा खटला डिसेंबर १९८८ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला आणि त्याचे धागेदोरे पुढची दहा-अकरा वर्षं सुटत राहिले. ज्या देशात संसदेने केलेल्या कायद्यावर कुठलंही न्यायालय हात ठेवत नव्हतं, तिथे जून-जुलै १९९० मध्ये न्यायाधीशांनी संसदेच्या एका कायद्याची अंमलबजावणी थांबवली. हे नेमकं कसं घडलं, कुणाच्या परवानगीने घडलं आणि त्यात कुणाचं काय गेलं, हे नीट मांडावं म्हणून हा लेख. युरोपने ब्रिटनच्या संसदेची सत्ता हिसकावून घेतली असं जे सर्रास सांगितलं गेलं, ते मला या खटल्याची कागदपत्रं वाचून पटत नाही.

स्थगिती हा शब्द तिथे नव्हता

आपल्याकडे न्यायालयाने कायद्याला स्थगिती दिली ही बातमी नेहमीची आहे. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाच्या कायद्याची अंमलबजावणी अंतरिम आदेशाने थांबवली आणि ५ मे २०२१ रोजी तो कायदा रद्द ठरवला. महाराष्ट्रात या आदेशांवर रान उठलं, मोर्चे निघाले, सरकारांवर टीका झाली. पण न्यायालयाला असा अधिकारच नाही, असं कुणी गंभीरपणे म्हटलं नाही. कारण आपल्याकडे सर्वोच्च आहे ती राज्यघटना. विधिमंडळ आणि संसद तिच्या खाली.

ब्रिटनमध्ये तशी एकत्र लिहिलेली, संसदेच्या वर बसवलेली घटनाच नाही. तिथली शिकवण कायदेपंडित ए. व्ही. डायसी यांनी १८८५ मध्ये मांडली आणि पुढच्या पिढ्यांनी ती पाठ केली : संसद हवा तो कायदा करू शकते, हवा तो मोडू शकते, आणि संसदेचा कायदा बाजूला सारण्याचा अधिकार देशात कुणालाही नाही. याच शिकवणीतून आणखी एक नियम निघतो. आजच्या संसदेला उद्याच्या संसदेचे हात बांधता येत नाहीत. नवा कायदा जुन्याच्या विरोधात गेला, तर जुना आपोआप मागे पडतो, भले नव्याने त्याचं नावही घेतलेलं नसो. १९३४ मध्ये झोपडपट्टी हटवण्याच्या नुकसानभरपाईवरून एक खटला झाला. १९१९ च्या कायद्यात, आपल्याशी विसंगत तरतुदींचा परिणाम होणार नाही, असं लिहिलेलं होतं. १९२५ च्या कायद्याने वेगळाच हिशेब घातला होता. न्यायाधीशांनी १९२५ च्या बाजूने कौल दिला. पुढची संसद कोणत्या स्वरूपात कायदे करील, हे आधीची संसद ठरवू शकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हा ‘न बोलता रद्द होण्याचा’ नियम ध्यानात ठेवावा. फॅक्टरटेम खटल्याची सगळी गोम त्यात आहे.

मासे, कोटा आणि झेंडा

भांडण मात्र घटनेवरून सुरू झालं नाही. ते सुरू झालं हेक नावाच्या माशावरून आणि त्याच्यासारख्याच काही जातींवरून.

युरोपीय समुदायाचे, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपाचे, मूळ सहा सदस्य १९७० मध्ये, म्हणजे ब्रिटनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू होण्याच्या अगदी तोंडावर, एका तत्त्वावर एकमत करून बसले : सदस्य देशांच्या पाण्यात सर्व सदस्य देशांच्या जहाजांना सारखा प्रवेश. ब्रिटनला पंगतीला बसायचं होतं, म्हणून ताटात जे वाढलेलं होतं ते घ्यावं लागलं. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन सदस्य झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी आइसलँडबरोबरचा मासेमारीचा झगडा ब्रिटन हरला. आइसलँडने आपली हद्द २०० मैलांपर्यंत नेली आणि हल, ग्रिम्सबी या बंदरांचे लांब पल्ल्याचे ताफे एका फटक्यात निकामी झाले. या दोन्ही गोष्टी मिळून ब्रिटिश मच्छीमारांच्या मनात जी जखम झाली, ती खोटी नव्हती. मालवणच्या किनाऱ्यावर परराज्यातले ट्रॉलर आले की तिथल्या रापणकरांचा जीव कसा वर-खाली होतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती समजेल.

१९८३ मध्ये समुदायाने माशांच्या प्रत्येक जातीचा वार्षिक कोटा देशादेशांत वाटून द्यायला सुरुवात केली. वाटणीचा मुख्य आधार म्हणजे ज्या त्या देशाने आधीच्या वर्षांत किती मासे पकडले होते तो आकडा. स्पेन तेव्हा बाहेर होता. तो १ जानेवारी १९८६ ला आत आला, तेव्हा युरोपातला एक फार मोठा मासेमारी ताफा त्याच्याकडे होता आणि वाटणी होऊन गेलेली होती. त्याच्या जहाजांवर प्रवेशकराराने कडक मर्यादाही घातल्या होत्या. गॅलिसियाच्या बंदरांतली माणसं आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आली होती. स्पेनमध्ये हेकला जी मागणी आहे, ती ब्रिटनमध्ये नाही. तिथल्या ताटात कॉड आणि हॅडॉक असतो.

मग त्यांनी सरळ व्यापारी मार्ग काढला. १८९४ च्या जुन्या ब्रिटिश कायद्याखाली, ब्रिटनमध्ये स्थापन झालेली आणि तिथेच मुख्य कारभार असलेली कंपनी आपलं जहाज ब्रिटिश म्हणून नोंदवू शकत होती. भागधारक कोण हे तो कायदा विचारत नव्हता. खटल्यातल्या ९५ जहाजांपैकी ५३ मूळची स्पॅनिश नोंदणीची होती आणि १९८० पासून पुढे ब्रिटिश झेंड्याखाली आली होती. उरलेली ४२ तर पहिल्यापासून ब्रिटिशच होती. ती या कंपन्यांनी, मुख्यतः १९८३ नंतर, विकत घेतली होती. या ४२ चा उल्लेख ब्रिटनमधल्या संतापात फारसा ऐकू आला नाही. ती जहाजं कुणीतरी विकली होती, पैसे मोजून घेतले होते. अशी जहाजं जे मासे पकडत, ते ब्रिटनच्या कोट्यातून वजा होत आणि मुख्यतः स्पेनला जात. ब्रिटिश सरकारने याला ‘कोट्यावर उडी’ असं नाव दिलं. आधी परवान्याच्या अटी कडक करून पाहिल्या, त्याने भागलं नाही, तेव्हा संसदेकडे धाव घेतली.

१९८८ चा कायदा

मर्चंट शिपिंग ॲक्ट १९८८, भाग दोन. त्यातलं कलम १४ म्हणजे मुख्य फास. मासेमारी जहाजाची मालकी ब्रिटिश असावी, त्याचं व्यवस्थापन आणि त्याच्या फेऱ्यांचं नियंत्रण ब्रिटनमधून व्हावं. कंपनी मालक असेल, तर तिचे किमान ७५ टक्के समभाग आणि ७५ टक्के संचालक ‘पात्र’ असावेत. पात्र म्हणजे ब्रिटिश नागरिक, ब्रिटनचा रहिवासी, आणि ज्याचं कायमचं घर कायद्याच्या नजरेत ब्रिटन आहे असा माणूस.

यातलं व्यवस्थापनाचं कलम पुढे युरोपीय न्यायालयानेही मान्य केलं. अडचण नागरिकत्वाची आणि राहण्याची. समुदायाचा पाया असलेल्या रोमच्या करारात, एका सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात त्या देशाच्या नागरिकांसारखाच व्यवसाय थाटण्याचा हक्क होता. ब्रिटिश विमा कंपन्या, बँका, दुकानं याच हक्काच्या बळावर युरोपभर पसरत होती. विधेयक येत असताना, ही योजना समुदायाच्या कायद्याशी जुळत नाही, असं युरोपीय आयोगाने, म्हणजे समुदायाच्या कार्यकारी मंडळाने, ब्रिटिश सरकारला कळवलेलंही होतं. सरकारने तरीही कायदा रेटला. तो १ डिसेंबर १९८८ रोजी लागू झाला. जुन्या नोंदणीवाल्यांना चार महिन्यांची मुदत मिळाली.

लंडनच्या न्यायालयांत

१६ डिसेंबर १९८८ ला कंपन्या हायकोर्टात गेल्या. १० मार्च १९८९ रोजी हायकोर्टाच्या डिव्हिजनल कोर्टाने मूळ प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठवला आणि उत्तर येईपर्यंत या जहाजांपुरता कायद्याचा भाग दोन लागू करू नये, असा अंतरिम आदेश दिला. तो आदेश दोन आठवडेही टिकला नाही. २२ मार्चला कोर्ट ऑफ अपीलने तो काढून टाकला. मग प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायसमितीपुढे गेलं, जी तेव्हा देशातलं सर्वोच्च न्यायालय होती. १८ मे १९८९ रोजी तिनेही नकार दिला.

लॉर्ड ब्रिज यांनी दिलेला हा नकार मला पुढच्या विजयापेक्षा जास्त विचार करायला लावतो, कारण त्यात न्यायाधीशाची कोंडी उघडी दिसते. अंतरिम आदेश दिला नाही आणि शेवटी कंपन्या जिंकल्या, तर तोवर त्या बुडालेल्या असतील, आणि संसदेच्या कायद्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळण्याची सोय तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात दिसत नव्हती. आदेश दिला आणि कंपन्या हरल्या, तर मधल्या काळात न्यायालयाने संसदेच्या इच्छेच्या थेट उलट हक्क त्यांच्या पदरात घातलेले असतील आणि ब्रिटिश मच्छीमारांचा कोटा त्यांच्याकडून काढून घेतलेला असेल. शिवाय दोन भिंती समोर होत्या. अंतिम निकाल लागेपर्यंत कायदा वैध धरूनच चालायचं, आणि राजसत्तेविरुद्ध, म्हणजे सरकारविरुद्ध, मनाईहुकूम काढायचा नाही. १९४७ च्या कायद्यापासून दुसरी भिंत अधिकच पक्की समजली जात होती. लॉर्ड ब्रिज म्हणाले की आमच्या कायद्यात हा अधिकार आम्हाला नाही. समुदायाचा कायदा तो आम्हाला देतो का, ते लक्झेंबर्गने सांगावं.

पण त्याच निकालात त्यांनी एक वाक्य लिहिलं, आणि खटल्याचं कुलूप त्याने उघडलं. ते समजायला १९७२ कडे जावं लागतं.

ब्रिटनला युरोपात नेणारा कायदा म्हणजे युरोपियन कम्युनिटीज ॲक्ट १९७२. मूळ विधेयक अवघ्या बारा कलमांचं. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी दुसऱ्या वाचनाला ते ३०९ विरुद्ध ३०१ मतांनी, म्हणजे फक्त आठ मतांनी तरलं. त्याच्या कलम २(१) ने समुदायाचे हक्क थेट ब्रिटनमध्ये लागू केले, वेगळा कायदा न करता. कलम २(४) च्या गर्दीत एक शब्दसमूह दडलेला आहे : कोणताही कायदा, ‘केलेला किंवा यापुढे केला जाणारा’, या हक्कांच्या अधीन राहूनच वाचला जाईल आणि लागू होईल.

यापुढे केला जाणारा. म्हणजे १९७२ ची संसद १९८८ च्या संसदेला सांगत होती की तू जे काही करशील, ते माझ्या या कलमाच्या छायेत वाचलं जाईल. डायसीच्या शिकवणीत हे बसत नाही. १९३४ च्या न्यायाधीशांनी हेच नाकारलं होतं. लॉर्ड ब्रिज यांनी मात्र मे १९८९ मध्ये लिहिलं की कलम २(४) चा परिणाम असा, जणू १९८८ च्या कायद्यातच एक कलम घातलेलं आहे : समुदायाच्या कायद्याने मिळालेल्या हक्कांना बाध न येता या तरतुदी लागू होतील. किती शांतपणे केलेलं हे काम. दोन कायद्यांत लढाई लावायची नाही, जुन्या कायद्याची ओळ नव्यात वाचायची.

लक्झेंबर्गचं उत्तर आणि लंडनची कबुली

दरम्यान दुसऱ्या बाजूनेही दाब आला. आयोगाने स्वतः ब्रिटनविरुद्ध दावा लावला आणि १० ऑक्टोबर १९८९ रोजी युरोपीय न्यायालयाच्या अध्यक्षांनी नागरिकत्वाची अट तात्पुरती थांबवायला सांगितलं. ब्रिटिश सरकारने २ नोव्हेंबरपासून कायद्यात तसा बदल केला. राहण्याच्या आणि कायमच्या घराच्या अटी तशाच उरल्या.

हाऊस ऑफ लॉर्ड्सने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर १९ जून १९९० रोजी आलं. समुदायाच्या कायद्याचा हक्क सांगणाऱ्या माणसाला अंतरिम संरक्षण द्यायला एखाद्या देशाचा अंतर्गत नियम हाच एकटा आडवा येत असेल, तर त्या देशाच्या न्यायालयाने तो नियम बाजूला ठेवावा. हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं. समुदायाचा कायदा राष्ट्रीय कायद्यावर चढतो, हे त्या न्यायालयाने १९६४ मध्ये इटलीतल्या एका वीजबिलाच्या खटल्यात सांगितलं होतं. १९७८ मध्ये, पुन्हा इटलीच्याच प्रकरणात, कनिष्ठ न्यायाधीशानेही विसंगत राष्ट्रीय कायदा स्वतःहून बाजूला ठेवावा, वरच्या न्यायालयाची वाट पाहू नये, असं सांगून झालं होतं. ब्रिटन १९७३ मध्ये आत गेला तो पहिला निकाल डोळ्यांसमोर असताना.

९ जुलै १९९० रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने अंतरिम मनाईहुकूम दिला. कारणं ११ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये तोवर ओरड सुरू झाली होती की परक्या न्यायालयाने संसदेवर आक्रमण केलं. लॉर्ड ब्रिज यांनी तिला थेट उत्तर दिलं. हा गैरसमज आहे, समुदायाच्या कायद्याची श्रेष्ठता ब्रिटन सदस्य होण्याच्या कितीतरी आधी प्रस्थापित झालेली होती, आणि १९७२ चा कायदा करताना संसदेने सार्वभौमत्वावर जी काही मर्यादा स्वीकारली ती पूर्णपणे स्वेच्छेने स्वीकारली, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ.

त्या उत्तरातला स्वेच्छेचा मुद्दा मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. न्यायाधीशांनी संसदेला डावललं नाही. त्यांनी संसदेचा शब्द संसदेला दाखवला. २५ जुलै १९९१ रोजी युरोपीय न्यायालयाने मूळ प्रश्नाचाही निकाल दिला : नागरिकत्व, निवास आणि कायमच्या घराच्या अटी करारविरोधी, जहाजाचा कारभार ब्रिटनमधून चालवण्याची अट चालेल.

भरपाई

पुढचा भाग पैशाचा. ५ मार्च १९९६ रोजी युरोपीय न्यायालयाने, एका फ्रेंच बिअर कंपनीच्या जर्मनीविरुद्धच्या प्रकरणाबरोबरच, निर्णय दिला की देशाच्या संसदेच्या कायद्यामुळे समुदायाच्या कायद्याचा गंभीर भंग झाला, तरी नुकसानभरपाई द्यावी लागते. कायदा संसदेचा आहे म्हणून सुटका नाही. भंग पुरेसा गंभीर होता का, यावर ब्रिटिश न्यायालयांत पुन्हा तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. २८ ऑक्टोबर १९९९ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने होय म्हटलं. सरकारला आयोगाने इशारा दिला होता, तरी त्याने जोखीम जाणूनबुजून पत्करली होती, आणि वाट अशी निवडली होती की बाधितांना तातडीचं संरक्षण मिळणं जवळजवळ अशक्य व्हावं. पुढे तडजोडीत सरकारने कोट्यवधी पौंड मोजले. ते पैसे ब्रिटिश करदात्यांचे. ज्या छोट्या ब्रिटिश मच्छीमारांच्या नावाने कायदा झाला, त्यांच्या पदरात त्यातलं काहीच पडलं नाही.

गेलं ते नेमकं काय

सर विल्यम वेड यांच्यासारख्या मोठ्या घटनातज्ज्ञाने या निकालाला क्रांती मानलं. त्यांचं म्हणणं असं की न्यायाधीशांनी संसदेवरच्या निष्ठेचा नियमच बदलला. पुढच्या संसदेचे हात बांधता येत नाहीत, हा नियम कायद्यापेक्षा जुना, राजकीय सत्याचा होता, आणि तो १९९० मध्ये गळून पडला. आदर ठेवूनही मला हे अर्धंच खरं वाटतं. संसदेची एकच सवय गेली, न बोलता मोडण्याची. १९७९ मध्येच, स्त्री-पुरुषांच्या समान वेतनाच्या एका खटल्यात, न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी सांगून ठेवलं होतं की संसदेने करार जाणूनबुजून मोडायचं ठरवून तसं कायद्यात स्पष्ट लिहिलं, तर आमची न्यायालयं संसदेचंच ऐकतील. १९८८ चा कायदा असं काहीच बोलला नव्हता. करारात राहायचं आणि गुपचूप कराराच्या उलटही वागायचं, असा त्याचा बेत होता. तो बेत फसला.

२००२ मध्ये संडरलँडमधल्या एका फळविक्रेत्याच्या पौंड-औंसाच्या तराजूवरून झालेल्या खटल्यात लॉर्ड जस्टिस लॉज यांनी हेच सूत्र इंग्लिश मातीत रुजवलं. काही कायदे ‘घटनात्मक’ दर्जाचे आहेत, ते न बोलता रद्द होत नाहीत, १९७२ चा कायदा त्यातला एक, आणि हा दर्जा युरोपने दिलेला नाही, आमच्या सामान्य कायद्याने, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेल्या कायद्याने, दिलेला आहे. केलेला वायदा उलटवायचा तर तो उघडपणे, नाव घेऊन उलटवावा, एवढीच ही अपेक्षा.

दोष शोधायचाच तर तो न्यायालयांच्या इमारतीत सापडत नाही. जुलै १९७१ मध्ये ब्रिटिश सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत जनतेला सांगितलं होतं की मूलभूत राष्ट्रीय सार्वभौमत्वाची झीज होण्याचा प्रश्नच नाही. समुदायाच्या न्यायालयाने १९६४ मध्ये काय म्हटलं होतं, हे सरकारच्या वकिलांना ठाऊक होतं; सामान्य मतदाराला कुणी समजावून सांगितलं नाही. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्क्यांहून जास्त लोकांनी राहायला होकार दिला, पण तो बाजाराला होता. कलम २(४) बद्दल फार थोड्यांनी ऐकलं होतं. सप्टेंबर १९८८ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर बेल्जियममधल्या ब्रूजला जाऊन युरोपीय महाराज्याविरुद्ध कडक बोलल्या. त्यांच्याच सरकारने दोनच वर्षांपूर्वी एकेरी बाजारपेठेचा करार संसदेतून पार करून घेतला होता, आणि व्यवसाय थाटण्याचा हक्क त्या बाजारपेठेचा कणा होता. लोकांपासून किंमत लपवून केलेला सौदा पुढे कधीतरी फसवणूक वाटतो, आणि मग राग धरला जातो तो न्यायाधीशांवर आणि परक्यांवर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण १९९० च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांत प्रामाणिकपणे बोललेली माणसं न्यायाधीशच होती.

इतर देशांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला. आयर्लंडने मे १९७२ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनाच दुरुस्त केली; ८३ टक्के मतदारांनी होकार दिला आणि समुदायाच्या कायद्याला घटनेत जागा मिळाली. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बरीच वर्षं अडून राहून, नंतर झालेल्या राष्ट्रीय कायद्यावरही करार चढतो, हे मान्य केलं ते २० ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे फॅक्टरटेमच्या ट्रॉलरांचं काय होणार हे अजून अधांतरी असतानाच. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७४ मध्ये बजावलं की युरोपात मूलभूत हक्कांचं पुरेसं संरक्षण उभं राहीपर्यंत आम्ही तपासणी करत राहू. १९८६ मध्ये त्याने हात आखडता घेतला, आणि २०२० मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवरून पुन्हा वर काढला. या देशांकडे लिखित घटना होत्या, म्हणून भांडण ‘आमची घटना की तुमचा करार’ असं मांडता आलं. ब्रिटनकडे मांडायला संसदेखेरीज काही नव्हतं. तिथल्या माणसाला प्रत्येक वेळी वाटलं की आपली संसदच कुणीतरी कमी केली.

झेंडा उतरल्यावर

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. मासेमारीची बंदरं त्या मोहिमेत आघाडीवर होती. लगेच एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला : बाहेर पडण्याची नोटीस सरकारने स्वतःच्या अधिकारात द्यावी की संसदेला विचारून? २४ जानेवारी २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की १९७२ चा कायदा संसदेने केला आहे, त्यातून लोकांना मिळालेले हक्क मंत्र्यांच्या सहीने पुसता येणार नाहीत. संसदेचा कायदा हवा. ज्या १९७२ च्या कायद्यामुळे संसदेचं सार्वभौमत्व गेलं असं पंचेचाळीस वर्षं म्हटलं जात होतं, त्याच कायद्याच्या आधारे न्यायालयाने सरकारपासून संसदेचं रक्षण केलं. संसदेने दोन कलमांचा छोटासा कायदा करून परवानगी दिली.

मग २०१८ च्या कायद्याचं पहिलंच कलम आलं : युरोपियन कम्युनिटीज ॲक्ट १९७२ बाहेर पडण्याच्या दिवशी रद्द होईल. नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत. एकाही न्यायाधीशाने हरकत घेतली नाही आणि लक्झेंबर्गनेही नाही. जे ‘हिरावून घेतलं’ म्हणत होते, ते संसदेच्या हातात सगळा वेळ होतंच. ते वापरायला एक वाक्य पुरेसं होतं आणि ते बोलण्याची राजकीय किंमत मोजायची तयारी. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला आणि २०२० च्या अखेरीस संक्रमणकाळ संपला.

मासे मात्र कायद्याच्या कलमांइतके पटकन परतले नाहीत. डिसेंबर २०२० च्या व्यापारकरारात युरोपीय जहाजांचा ब्रिटिश पाण्यातला वाटा साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं, मूल्याच्या हिशेबाने एकचतुर्थांश. किनाऱ्यावरच्या अनेकांना तो सौदा थोडका वाटला. आणि १९ मे २०२५ रोजी ब्रिटिश सरकारने युरोपीय जहाजांचा प्रवेश आणखी बारा वर्षांनी, २०३८ पर्यंत वाढवून दिला, कारण ब्रिटिश मच्छीमाराची बरीच कमाई युरोपच्या बाजारात होते आणि सरहद्दीवरच्या तपासण्या कमी होणं त्यालाही हवं होतं. ब्रिटिश झेंडा लावलेल्या पण परकी मालकीच्या ट्रॉलरांचा कोटा कुणी काढून घेतला नाही. तो विकत घेतलेला होता.